वाड्यावर मोफत माहितीपट आणि हवामानावर व्याख्यान: परवानगी, पडदा, उपशीर्षकं, चर्चा (गोवा)

मांडकरी
नवरात्र सरलं की गोव्यात उघड्यावर कार्यक्रम करायचे दिवस येतात. पणजीकरांना बौद्धिक मेजवानीची वाण नाही. डी. डी. कोसंबी विचार महोत्सव २००८ पासून बिनतिकीट चालतो, संस्कृती भवनात आणि मिनेझिस ब्रागांझा संस्थेत काही ना काही असतंच. पण पेडणे, सत्तरी, सांगे, काणकोण इथल्या वाड्यांवर हवामानबदल आणि विविधता या विषयांवर चित्रपट दाखवून पुढे लोकांना बोलतं करायचं, तर सगळी जुळवाजुळव आपल्यालाच करावी लागते. हा धागा त्या जुळवाजुळवीसाठी.

सुरुवात वेळेपासून करतो, कारण तिथेच निम्मे कार्यक्रम फसतात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक बंद. तिथून उलटं मोजा. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो आणि पडद्यावर नीट दिसायला आणखी पाऊण तास लागतो, म्हणजे पावणेसात. मे महिन्यात तेच पावणेआठ. दीड तासाचा चित्रपट लावला तर मे महिन्यात सव्वानऊ वाजतात. वक्ता उभा राहीपर्यंत बायका उठलेल्या असतात, शेवटची कदंब बस गाठणारे कधीच गेलेले असतात, आणि चर्चा आयोजकांच्या आयोजकांतच होते. म्हणून चित्रपट २५ ते ४० मिनिटांचा, व्याख्यान २० मिनिटांचं आणि चर्चेला किमान ५० मिनिटं. लांब चित्रपटच दाखवायचा असेल तर व्याख्यान दुसऱ्या दिवशी ठेवा.

तारीख धरताना जत्रा, काला, फेस्त, शिगमो, ग्रामसभेचा रविवार आणि गावच्या फुटबॉलचा अंतिम सामना बघा. खाजनाच्या (खाऱ्या नदीकाठी बांध घालून राखलेल्या शेतजमिनीच्या) गावात अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचे दिवस टाळा. तेव्हा उधाण असतं, ओहोटीला मानशीवर (बांधातल्या पाण्याच्या दारावर) जाळं लागतं, आणि जे लोक आपल्याला हवेत तेच तिथे असतात.

कलम५२
वेळेइतकाच मोठा गैरसमज परवानगीचा आहे. ‘आपण पैसे घेत नाही, मग कसली परवानगी?’ हे चूक आहे. यात दोन कायदे येतात आणि दोन्ही वेगवेगळे पाळावे लागतात.

पहिला, कॉपीराइट कायदा, १९५७. त्याच्या कलम ५२ (१) (एल) मध्ये हौशी मंडळानं बिनतिकीट प्रेक्षकांपुढे केलेल्या प्रयोगाला सूट आहे. पण ती साहित्य, नाटक आणि संगीत यांच्या प्रयोगाला. चित्रपटाचा तिथे उल्लेख नाही. आपल्याकडे देवळापुढे नाटकं करण्याची सवय असल्यामुळे लोक तीच सूट चित्रपटाला लावतात. (जे) उपकलमात शाळा-कॉलेजांना चित्रपट दाखवायची सूट आहे, पण प्रेक्षक म्हणजे विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी निगडित लोक. शाळेच्या पटांगणात सगळ्या गावाला बोलावलं की ती सूट संपली. चित्रपटाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो, त्यामुळे अलीकडचा कुठलाही माहितीपट निर्मात्याच्या लेखी होकाराशिवाय नको.

पत्र लहान ठेवा पण त्यात हे सगळं असू द्या: तारीख, जागा, अंदाजे प्रेक्षक, तिकीट नाही, देणगीपेटी नाही, एकच खेळ, मराठी किंवा कोकणी उपशीर्षकं जोडणार आहोत, खेळानंतर फाइल पुसून टाकू. स्वतंत्र माहितीपटकारांना प्रेक्षकच हवे असतात. असं नेमकं पत्र मिळालं तर होकाराची शक्यता बरीच वाढते. होकारासोबत सेन्सॉर बोर्डाच्या प्रमाणपत्राची प्रत मागा.

कारण दुसरा कायदा, सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२. सार्वजनिक प्रदर्शन म्हटलं की प्रमाणपत्र आलं, मग खेळ फुकट असो की सशुल्क. २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूए (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या) गटाचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झाले आहेत. मुलं येणार असतील तर तेही बघून घ्या. महोत्सवांना बिनप्रमाणित चित्रपटांसाठी केंद्र सरकारकडून सूट मागता येते, पण एका वाड्याच्या एका खेळासाठी तो द्राविडी प्राणायाम आहे. सरळ प्रमाणित चित्रपट निवडावा.

सांजवात
निर्मात्यानं स्वतःच यूट्यूबवर पूर्ण चित्रपट टाकला असेल तर? आणि क्रिएटिव्ह कॉमन्स (निर्मात्यानं आधीच दिलेला खुला वापरपरवाना) असेल तर?

कलम५२
यूट्यूबवर असणं म्हणजे घरी बघायला मोकळं, सभेत दाखवायला नव्हे. पत्र लिहाच. शिवाय ऐन वेळी नेट गेलं तर खेळ अडकतो, त्यामुळे फाइल हाताशी हवीच.

क्रिएटिव्ह कॉमन्समध्ये शेवटची अक्षरं वाचा. ‘एनसी’ म्हणजे बिगरव्यापारी, बिनतिकीट खेळाला चालतं. ‘एनडी’ म्हणजे बदल नको, आणि भाषांतरित उपशीर्षकं हा बदल धरला जातो. तिथे वेगळी परवानगी घ्या. प्रमाणपत्राचा प्रश्न या परवान्यानं सुटत नाही, तो वेगळाच राहतो.

वायरमन_फोंडा
आता पडदा. भाड्यानं मिळणाऱ्या प्रोजेक्टरवर ३,००० ल्युमेन (उजेडाचं माप) लिहिलेलं असलं तरी दिवा वापरलेला असतो, म्हणून हिशेब २,००० चा धरा. १६ बाय ९ फूट पडदा म्हणजे १४४ चौरस फूट. २,००० भागिले १४४ म्हणजे चौरस फुटाला सुमारे १४ ल्युमेन. थिएटरात साधारण एवढाच उजेड असतो, पण थिएटर काळंकुट्ट असतं. मांडावर (गावच्या कार्यक्रमांच्या मोकळ्या जागेवर) काळोख तेवढा मिळत नाही, म्हणून १२ फुटी पडदाच बरा. ८१ चौरस फुटांत तोच उजेड जवळपास पावणेदोन पट होतो. १२ फुटी पडद्याला दीडशे माणसं आरामात बघतात.

अंतर: प्रोजेक्टरच्या माहितीपत्रकात थ्रो रेशो (अंतर भागिले चित्राची रुंदी) असतो. तो १.५ असेल तर १२ फुटी चित्राला १८ फूट मागे टेबल. म्हणजे टेबल प्रेक्षकांच्या मधोमध येतं. त्याच्या दोन्ही बाजूंनी वाट सोडा आणि केबल पायाखाली येईल तिथे जुनी सतरंजी घालून चिकटपट्टी मारा.

चित्र चौकोनी करायला कीस्टोनचं (तिरकं चित्र सरळ करणारं) बटण दाबत बसू नका. ते चित्राचे कण खाऊन आकार सुधारतं आणि उपशीर्षकांची अक्षरं पुसट होतात. पडद्याची खालची कड जमिनीपासून ४ फूट ठेवा, भिंग साधारण त्याच उंचीवर आणा, आणि प्रोजेक्टर पडद्याला काटकोनात लावा. चित्र आपोआप सरळ येतं.

कापड म्हणजे फ्लेक्सची मागची पांढरी, चमक नसलेली बाजू. वरच्या कडेला दर दोन फुटांवर धातूचे डोळे (आयलेट) बसवून घ्या, खालच्या कडेला शिवण घालून त्यात पाइप. दोरी थेट डोळ्यात न बांधता मध्ये सायकलच्या ट्यूबचा तुकडा घाला, म्हणजे वाऱ्याचा झटका ट्यूब घेते, कापड फाटत नाही. वारा ताशी २५ किलोमीटर असला तर १६ बाय ९ च्या कापडावर पन्नास किलोच्या आसपास रेटा येतो. बांबूच्या नुसत्या तिकाटण्याला तो झेपत नाही, मागून ताण हवाच. किनारपट्टीला हा वारा दुपारनंतर जोर धरतो आणि दिवस मावळल्यावर पडतो. पाचला बांधताना जो पडदा फडफडतो तो सातला शांत असतो, तेव्हा घाबरून जाऊन मधेच भोकं पाडू नका. पडद्याची पाठ पश्चिमेला करा, नाहीतर मावळतीचा उजेड थेट चित्रावर येतो.

आणि माडाखाली खुर्च्या नकोत. नारळ आणि झावळ कार्यक्रम संपायची वाट बघत नाहीत.

तिवरवन
वायरमनबाब, चांदण्याचं काय? पौर्णिमेला पडदा फिका पडतो असं बरेच जण म्हणतात.

वायरमन_फोंडा
पूर्ण चंद्राचा उजेड पाव लक्सच्या (चौरस मीटरला पाव ल्युमेनच्या) आसपास. १२ फुटी पडद्यावर प्रोजेक्टरचा उजेड अडीचशे लक्सच्या वर. चंद्रानं काही बिघडत नाही. बिघडतं ते पंचायतीच्या एलईडी पथदिव्यानं, तो दहा-वीस लक्स सहज टाकतो. आठवडाभर आधी पंचायतीत अर्ज देऊन तेवढे दोन दिवे दोन तास बंद करून घ्या. वाटेवरचा एखादा दिवा मात्र चालू राहू द्या, अंधारात म्हातारी माणसं ठेचकाळतात.

आणखी एक. सत्तरी, सांगे, धारबांदोड्याच्या खोऱ्यांत डिसेंबर-जानेवारीत नऊनंतर दव पडतं. फ्लेक्स ओला होऊन मध्ये पोट काढतो आणि त्या जागी चित्र धूसर होतं. प्रोजेक्टरवर छत्री किंवा छोटं छप्पर हवंच, पण मागून आणि बाजूंनी हवा मोकळी पाहिजे. वातानुकूलित गाडीतून काढलेला प्रोजेक्टर लगेच लावू नका. थंड भिंगावर दमट हवेची वाफ धरते. अर्धा तास बाहेर ठेवा, कापडानं पुसू नका. भातकापणीच्या दिवसांत पाखरं भिंगापाशी गोळा होतात. तीस-चाळीस फुटांवर एक पांढरा बल्ब लावून ठेवा, बरीचशी तिकडे जातात.

दोन_ओळी
उजेड-वारा जमला तरी माझ्या मते पुढचा अर्धा कार्यक्रम उपशीर्षकांवर उभा असतो किंवा कोसळतो. इंग्रजी निवेदनाचा माहितीपट खाजनाच्या गावात तसाच लावला तर बांधाची खरी जाण असलेली माणसं गप्प बसतात आणि ज्यांना इंग्रजी येतं तेच पुढे बोलतात. मग ‘विविधता’ हा शब्द फक्त फलकावर उरतो.

काम असं करा. निर्मात्याकडून इंग्रजी एसआरटी (उपशीर्षकांची) फाइल मागून घ्या, वेळा त्यात तयार असतात. मराठी मजकूर त्यातच भरा आणि यूटीएफ-८ मध्ये साठवा. दुसऱ्या कशात साठवलं तर पडद्यावर प्रश्नचिन्हं येतात. एका वेळी दोनच ओळी, ओळीत तीस-पस्तीस अक्षरं, दीड सेकंदापेक्षा कमी नाही आणि सहापेक्षा जास्त नाही. शब्दाला शब्द लिहू नका. वाचायला वेळ मिळत नसेल तर वाक्य छाटा, पण आकडे छाटू नका.

पुढची मेख अक्षरांची. काही प्लेयर आणि टीव्ही देवनागरी जोडत नाहीत. ‘किनारा’चं ‘कनिारा’ होतं, जोडाक्षरांचे पाय मोडतात, कधी नुसते चौकोन येतात. म्हणून चाचणीला एक ओळ करून ठेवा: ‘क्षार, ज्ञान, वृद्धी, ऱ्हास, किनारपट्टी, पर्जन्य’. ही ओळ ज्या यंत्रावर खेळ होणार त्याच यंत्रावर शुद्ध दिसली पाहिजे, घरच्या संगणकावर नव्हे. सर्वांत निर्धोक उपाय म्हणजे हँडब्रेक किंवा एफएफएमपेग या सॉफ्टवेअरनं उपशीर्षकं चित्रातच कोरून घेणं. त्यासाठी नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता टंक वापरा, पांढरी अक्षरं, काळी कड. अक्षराची उंची पडद्याच्या उंचीच्या विसाव्या भागापेक्षा कमी नको, मात्रा-वेलांट्या लांबून मिसळतात.

मांडाची जमीन सपाट असते. मागच्यांना पुढच्यांच्या डोक्यांमुळे पडद्याचा खालचा भाग दिसत नाही, आणि उपशीर्षकं नेमकी तिथेच असतात. कोरताना खालची मोकळी जागा नेहमीच्या दुप्पट ठेवा. पडदा कितीही उंच बांधला तरी हे कराच.

फाइलबद्दल: एच.२६४, १०८०पी, दहा मेगाबिटचा दर. दीड तासाची फाइल पावणेसात जीबी होते आणि जुन्या फॅट-३२ पेनड्राइव्हवर चार जीबीच्या वरची फाइल चढत नाही. पेनड्राइव्ह एक्सफॅट करून घ्या, आणि दोन पेनड्राइव्ह ठेवा.

मांडकरी
शब्दांचं थोडं अजून सांगा. ‘मिटिगेशन’, ‘अडॅप्टेशन’ला शासकीय पुस्तकांत उपशमन, अनुकूलन असतं. मांडावर ते कोणाला कळणार?

दोन_ओळी
नका लिहू. ‘धूर कमी करणं’ आणि ‘जुळवून घेणं’ लिहा. प्रत्येक ठिकाणी तोच शब्द ठेवा, म्हणजे झालं.

खरी अडचण ‘हवामान’ शब्दाची. आजचं ऊनपाऊस आणि तीस वर्षांची सरासरी, दोन्हींना मराठीत आपण हवामानच म्हणतो. त्यामुळे ‘हवामान बदललं’ म्हटलं की ‘ते तर रोजच बदलतं’ असं उत्तर येतं, आणि ते भाषेच्या दृष्टीनं बरोबरच असतं. आजच्यासाठी ‘हवा’ किंवा ‘ऊनपाऊस’ आणि दीर्घकाळासाठी ‘हवामान’ हा भेद पहिल्या दोन मिनिटांत करून टाका आणि शेवटपर्यंत पाळा.

तसंच ‘१.५ अंश’. नुसतं लिहिलं तर लोक म्हणतात, पंखा एक आकडा वाढवला की झालं. ‘सगळ्या पृथ्वीची सरासरी १.५ अंशांनी वाढ’ असं लिहा. ही वाढ औद्योगिक काळापूर्वीच्या सरासरीशी तुलना करून मोजतात. २०२४ हे वर्ष त्या रेषेच्या वर गेलेलं पहिलं वर्ष ठरलं. एका वर्षानं पॅरिस कराराची मर्यादा ओलांडली असं होत नाही, ती दीर्घ सरासरीवर ठरते. हेही सांगितलं पाहिजे.

साष्टीकार
उपशीर्षकं फक्त मराठीतच का? सासष्टीत पुष्कळ जण रोमी लिपीतली कोकणी वाचतात. देवनागरी उपशीर्षकं लावली तर तेवढी माणसं बाजूला पडतात. आणि झारखंड-कर्नाटकातून आलेले कामगार त्याच वाड्यावर राहतात, त्यांचं काय?

दोन_ओळी
साष्टीकार, मुद्दा मान्य. दोन लिप्या एकावर एक लावून बघू नका, चार ओळींनी अर्धं चित्र झाकतं. ज्या गावात बहुतेक लोक जी लिपी वाचतात ती पडद्यावर, आणि बाकीच्यांसाठी थेट कथन. मूळ आवाज एक-तृतीयांशावर आणायचा आणि एका चांगल्या आवाजाच्या व्यक्तीनं माइकवरून कोकणीत सांगत जायचं. उपशीर्षकांच्या चारशे ओळी वाचायच्या नाहीत, त्यांची शंभर-सव्वाशे वाक्यं करायची. मुलाखतीचं पहिलं वाक्य मूळ आवाजात ऐकू द्यायचं आणि मग बोलायचं. दोन तालमी लागतात. ज्यांना कुठलीच लिपी वाचता येत नाही त्यांनाही याचाच उपयोग होतो. कामगारांच्या बाबतीत हिंदी कथन करून बघा. पण आधी त्यांच्या सुट्टीचा दिवस विचारा.

खाजनगंध
चित्रपटानंतर थेट आलेख दाखवू नका. गावातली गोष्ट पुढ्यात ठेवा. मानशीचा नमुना करायला दोन संध्याकाळी पुरतात आणि वीस मिनिटांच्या भाषणाचं काम तो पाच मिनिटांत करतो.

साहित्य: दोन फूट लांबीची काचेची माशांची टाकी. मधोमध अॅक्रिलिकचा आडवा पडदा, कडा सिलिकॉननं बंद, चोवीस तास वाळू द्या. पडद्यात तळापासून दोन सेंटीमीटरवर आठ बाय आठ सेंटीमीटरची खिडकी. नदीच्या बाजूनं खिडकीवर दहा बाय दहाची पातळ झडप, वरच्या कडेला बिजागरीसारखी पट्टी. झडप टेकते तिथे सायकलच्या ट्यूबची चौकट चिकटवा. खऱ्या मानशीची दारं लाकडी असतात आणि रचना निराळी, पण तत्त्व हेच: भरतीचा रेटा दार मिटवतो, ओहोटीला आतलं पाणी दार ढकलून बाहेर पडतं. माणसानं हात लावायची गरज नाही.

नदीच्या बाजूला खारं पाणी, लिटरला ३५ ग्रॅम मीठ, थोडा निळा रंग. शेताच्या बाजूला गोडं पाणी. नदीत पाणी वाढवा, झडप मिटते. काढून घ्या, उघडते. मग झडपेच्या फटीत आगपेटीची काडी अडकवा आणि पुन्हा भरती आणा. निळा धागा शेतात उतरताना मागच्या रांगेपर्यंत दिसतो, मागे पांढरा कागद लावला असेल तर. साध्या भाताला लिटरमागे दोन-तीन ग्रॅम मीठही जड जातं. बांधाची डागडुजी का रखडू देऊ नये हे यानंतर वेगळं सांगावं लागत नाही.

तिसरी पायरी बहुतेक जण विसरतात आणि तीच समुद्रपातळीची आहे. काडी काढा. आता ओहोटीची पातळी आधीपेक्षा तीन सेंटीमीटर वर ठेवा. झडप शाबूत आहे, बांध शाबूत आहे, तरी शेतातलं पाणी पुरतं बाहेर पडत नाही. समुद्र वाढतो म्हणजे बांधावरून पाणी येतं एवढंच लोकांना वाटतं. त्याच्या कितीतरी आधी निचऱ्याचा वेळ आखडतो. आपल्याकडे दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या. दर ओहोटीला दार उघडं राहण्याचे तास कमी झाले की पावसाळ्यात शेत तुंबतं. जगभराची सरासरी पातळी १९०१ ते २०१८ मध्ये सुमारे २० सेंटीमीटरनं वाढली. तेवढ्या उंचीची पट्टी टाकीशेजारी उभी करा आणि गावच्या मानशीचा उंबरा ठाऊक असलेल्या माणसाला विचारा, याचा अर्थ काय.

गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन आहे. हा विषय किनाऱ्यालगतच्या मोजक्या घरांपुरता नाही.

मांडकरी
फारच उत्तम. वक्त्यांचं मी लिहितो. दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, वास्कोचं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र, गोवा विद्यापीठ, इथल्या संशोधकांना संस्थेमार्फत चार ते सहा आठवडे आधी पत्र द्या. पत्रात वेळ वीस मिनिटं, स्लाइड पाच, भाषा मराठी किंवा कोकणी असं स्पष्ट लिहा. ‘थोडं मार्गदर्शन करा’ असं लिहिलं तर साठ स्लाइडी येतात. प्रेक्षकांसाठी कार्यक्रम मोफत असला तरी वक्त्याचा प्रवासखर्च आणि मानधन आपल्याकडून.

शास्त्रज्ञाशेजारी त्याच मानानं, त्याच उंचीच्या खुर्चीवर, गावातली जाणती व्यक्ती हवी: बांध राखणारा, रापणकार (किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढणारा), मासळी विकणारी बाई, वेळीप किंवा गावडा समाजातली वनस्पती ओळखणारी आजी. त्यांना ‘अनुभवकथन’ला पाच मिनिटं आणि साहेबांना वीस, असं नको. दोघांना सारखी वेळ. आधी गावातल्या माणसानं बोलावं, नाहीतर आलेख बघून ती माणसं बुजतात.

वक्त्याला एक गोष्ट आधी सांगा. लोक मे २०२१ चं तौक्ते चक्रीवादळ आणि २३ जुलै २०२१ चा पूर विचारणारच. एकेका वादळाचं खापर सरळ हवामानबदलावर फोडू नये. तापलेलं समुद्राचं पाणी वादळाला जास्त ऊर्जा देतं आणि अरबी समुद्र तापलाय, इथपर्यंत ठाम बोलावं. वाढवून सांगितलेलं एक वाक्य गावात कोणीतरी पकडतो आणि मग खऱ्या दहा वाक्यांवरही विश्वास राहत नाही.

तिवरवन
जागेबद्दल एक कळकळीची विनंती. मोरजी, आगोंद, गालजीबाग इथल्या किनाऱ्यांवर नोव्हेंबर ते मे पडदा लावू नका. ऑलिव्ह रिडले कासवं तिथे अंडी घालतात, पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्राऐवजी जमिनीकडे चालू लागतात. गावात, किनाऱ्याकडे पाठ करून, वाळूवर उजेड न जाईल असा कार्यक्रम घ्या. कुडचड्याजवळचं नंदा तळं २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ) आहे. तिथेही पक्षी बघणं सकाळी, चित्रपट संध्याकाळी गावातल्या सभागृहात. पाणथळीच्या काठावर ध्वनिक्षेपक नको.

वायरमन_फोंडा
ध्वनिक्षेपक म्हटलात म्हणून आवाजाचं उरकतो. लेखी परवानगी लागते. शाळा, इस्पितळ, न्यायालय यांच्याभोवती १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर केलेलं असू शकतं. निवासी भागात मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल. दोन मोठे भोंगे लांबून लावण्यापेक्षा चार लहान पेट्या, सहा फूट उंचीवर, तोंड खाली प्रेक्षकांकडे. शब्द स्पष्ट येतात आणि शेजारच्या वाड्याला त्रास होत नाही.

संवाद पुसट आणि संगीत मोठं येत असेल तर फाइलमध्ये ५.१ (सहा वाहिन्यांचा) आवाज आहे आणि संवादाची मधली वाहिनी गळतेय. प्लेयरमध्ये स्टिरिओ डाउनमिक्स करा (सगळ्या वाहिन्या दोनांत मिसळा). ब्लूटूथ पेटी नको, ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. पेट्यांतून घूं घूं आवाज आला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. थांबला तर दोष अर्थिंगच्या वळशाचा आहे. सगळी यंत्रं एकाच बोर्डवर घ्या किंवा मध्ये आयसोलेटर लावा. तीन पिनांतली जाड पीन मोडण्याचा उद्योग कोणीही करू नये, ओल्या जमिनीवर तो जिवावर बेततो.

सगळा भार मिळून सहाशे वॅटच्या आसपास, दोन केव्हीएचा जनरेटर पुरतो. तो माणसांपासून चाळीस फूट लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. प्रोजेक्टर आणि लॅपटॉपला एक केव्हीए यूपीएस द्या. वीज गेली की जनरेटर सुरू होईपर्यंतची दोन मिनिटं तो काढतो. केबलचा रीळ पूर्ण उलगडा, गुंडाळलेली केबल तापून वितळते.

पणती
ज्यांना चालता, ऐकता, बघता येत नाही त्यांच्याविषयी अजून कोणी लिहिलं नाही. अग्रशाळेला (देवळाच्या धर्मशाळेला) आणि पंचायत सभागृहाला पायऱ्या असतातच. उताराचं प्रमाण १:१२. म्हणजे सहा इंचांच्या एका पायरीला सहा फूट फळी. तीन पायऱ्या असतील तर अठरा फूट लागतात, तेव्हा दोन फूट फळी टाकून ‘रॅम्प आहे’ असं पत्रकावर छापू नका. त्यापेक्षा कार्यक्रम खालच्या अंगणात घ्या. चाकाच्या खुर्चीला ९० बाय १२० सेंटीमीटर जागा, आणि ती रांगेच्या मध्ये, सोबतच्या माणसाशेजारी. अगदी पुढे एकटं बसवू नका.

बहिऱ्या प्रेक्षकांसाठी उपशीर्षकांत आवाजही लिहा: ‘पाऊस जोरात’, ‘इंजिन बंद पडतं’. सांकेतिक भाषेचे दुभाषे असतील तर चर्चेच्या वेळी त्यांच्यावर स्वतंत्र दिवा हवा. चित्रपटासाठी अंधार केला की हात दिसत नाहीत हे ऐन वेळी लक्षात येतं. त्यांना चित्रपटाचा मजकूर आठवडाभर आधी द्या, आणि तासाभराच्या वर काम असेल तर दोघे दुभाषे आळीपाळीनं. स्वच्छतागृह उघडं आहे का, तिथे दिवा आहे का, पाणी आहे का, हे पाचच्या आधी बघा. बायका थांबतात की उठतात हे बरंचसं यावर ठरतं.

सांजवात
चर्चा चालवायची कशी? माइक पहिल्यांदा ज्याच्या हातात जातो तो पंधरा मिनिटं सोडत नाही.

पणती
माइक कोणाच्याही हातात द्यायचा नाही, आपल्या माणसानं धरून ठेवायचा. दोन माणसं, दोन माइक, एक बायकांच्या बाजूला. व्याख्यान संपल्यावर लगेच ‘प्रश्न विचारा’ म्हणू नका. तीन मिनिटं शेजारच्याशी बोला म्हणा, मगच हात वर करायला सांगा. शेजारच्यापाशी एकदा बोललेलं वाक्य माइकवर बोलायला जड जात नाही. पहिले तीन प्रश्न बाया आणि तरुण यांचे, सरपंच आणि आमंत्रित नंतर. चिठ्ठ्या आणि पेन्सिली वाटा. ‘खाणी’, ‘जमीन रूपांतर’ असे प्रश्न नाव लावून विचारायला लोक कचरतात, चिठ्ठीवर लिहितात. चित्रीकरण करणार असाल तर आधी सांगा आणि एक कोपरा कॅमेऱ्याबाहेर ठेवा.

उत्तर तिथे मिळालं नाही असे प्रश्न फलकावर लिहा, कोण उत्तर आणणार त्याचं नाव आणि तारीख शेजारी. तो कागद पंचायतीच्या सूचनाफलकावर लावा. त्यातला एखादा ग्रामसभेत घेता येतो.

खाजनगंध
नमुन्याची टाकी चर्चा संपेपर्यंत हलवू नका. मुलं तिथेच घुटमळतात आणि त्यांना घ्यायला आलेली मोठी माणसं मग बोलायला लागतात. त्या टेबलाशी आपला एक माणूस आणि एक वही हवी. मुलांना खाऱ्या पाण्यात हात घालू द्या, फक्त विजेची केबल त्या टेबलाखालून नेऊ नका.

वायरमन_फोंडा
आणि पडदा त्याच रात्री ओला गुंडाळून ठेवू नये. सकाळी उन्हात दोन तास टांगा, मग नळीवर गुंडाळा. घडी घातली की पुढच्या खेळाला प्रत्येक चेहऱ्यावर रेघ येते.